बोट रंगविण्याबाबत

"एका रविवारचं काम आहे," असं मीच म्हणालो. ते वाक्य कुणी माझ्या तोंडात कोंबलं नव्हतं.

सत्तावन्न सालच्या फेब्रुवारीतली गोष्ट. उकंडा भोयाच्या नातीचं, गंगीचं, साक्षगंध म्हणजे साखरपुडा होता आणि मी त्याच्या ओट्यावर सतरंजीवर बसून चहा पीत होतो. चहा कपबशीत होता आणि कपाला दांडीसुद्धा होती. चार महिन्यांपूर्वी आम्ही नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलो होतो. त्याआधी या ओट्यावर मला चहा मिळाला असता की नाही, आणि मिळाला असता तर कशात, याचा विचार मी त्या दिवशी केला नाही. चहा चांगला होता, आणि चांगल्या चहावर माणूस नको ते बोलून जातो.

झालं असं, की गंगीचं सासर तलावापलीकडच्या गावातलं. उकंडानं व्याह्यांना शब्द दिला होता की नवरदेव बैलगाडीतून धूळ खात येणार नाही, शिडाच्या नावेतून येईल. नाव होतीच. तलाव बांधायला आलेल्या एका इंग्रज इंजिनियरानं ती मुंबईहून मागवली होती. दारव्ह्यापर्यंत छोट्या रेल्वेनं आणि तिथून आमच्या गावापर्यंत दोन खासरांवर, म्हणजे बैलगाड्यांवर, आडवी टाकून ती आली. साहेब दर रविवारी शीड उभारून तलावात फिरायचा आणि उकंडा डब्यानं आतलं पाणी उपसायचा. देश सोडताना साहेबानं नावेवर हात ठेवून उकंडाकडे बोट दाखवलं आणि काहीतरी इंग्रजी बोलला. उकंडाला त्यातलं अक्षर कळलं नाही, पण नाव आपल्याला मिळाली एवढं बरोबर कळलं.

तर साक्षगंधाच्या दिवशी नवरदेवाचा मामा ती नाव पाहून आला आणि चारचौघांत म्हणाला, "नाव हाय म्हंता, पन तिचे रंगाचे पट्टे पार उडाले ना. पालथी म्हैस दिसते."

उकंडाचा चेहरा पडला. सत्तर वर्षांचा माणूस, पण एखाद्या पोराची पाटी फुटावी तसा दिसला. आणि मी, डोमाजी मेश्राम, मिडल स्कूलचा ड्रॉइंग मास्तर, इंटरमिजिएट ग्रेड परीक्षा पास, बोलून बसलो, "पट्टे मी मारून देतो. एका रविवारचं काम आहे."

घरी आल्यावर बायकोला, नलूला, सांगितलं. ती भाकर थापायची थांबली.

"घराच्या दाराले रंग देतो म्हणून दोन वर्सं झाले," ती म्हणाली. "आता नाव?"

"शब्द दिला आहे. आणि आता आपल्याला पंचशील आहे. खोटं बोलायचं नाही."

"मंग दाराचं काय बोल्ले होते?"

"ते दीक्षेच्या आधीचं," मी म्हणालो. मला हा मुद्दा बिनतोड वाटला होता. नलूला वाटला नाही.

पहिल्या रविवारी मी काचकागद, खरवडणी आणि शाळेची मोठी टी-पट्टी घेऊन तलावावर गेलो. नाव चार वर्षं तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, पालथी पडली होती. सोळा फूट लांब, आणि मामा म्हणाला ते खोटं नव्हतं. पट्टे म्हणजे नुसती पट्ट्यांची आठवण उरली होती. एके काळी एक रुंद आणि एक बारीक असे दोन पट्टे सगळीकडून फिरलेले असावेत. रंग कोणता, हे ओळखू येत नव्हतं. मी मन लावून घासलं. दुपारपर्यंत नाव अशी गुळगुळीत केली की नव्या नवरीचा गाल. आणि मग लक्षात आलं की पट्ट्यांची होती ती आठवणही मी घासून टाकली होती. आता ते कुठं होते, हे सांगणारं काहीच उरलं नव्हतं.

ड्रॉइंग मास्तराला रेषेची काय भीती? मी टी-पट्टी लावली. ज्यानं कधी नावेवर पट्टी ठेवून पाहिलेली नाही, त्याला सांगतो, नावेला सरळ असं काहीच नसतं. ती पुढं निमुळती, मध्ये फुगीर आणि मागं चपटी. मी डावीकडून खडूची रेघ ओढत निघालो, उजवीकडून ओढत आलो, आणि टोकाशी दोन्ही रेघा एकमेकींपासून वीतभर अंतरावर येऊन थांबल्या. पुसलं, परत आखलं. या वेळी त्या एकमेकींना छेदून गेल्या.

पाळीवर तोवर माणसं जमली होती. आमचे शेजारी बाबूसिंग राठोड, कापूस बाजारात मापारी, हे आले होते. त्यांची म्हातारी आई हंसाबाई शेण्या वेचायला आली होती, तीही टोपली खाली ठेवून उभी राहिली.

"मास्तर, रेघ वाकडी होऊन राह्यली," बाबूसिंग म्हणाले.

"रेघ सरळ आहे. नाव वाकडी आहे," मी म्हणालो.

हंसाबाईनं मान तिरपी करून आधी रेघ पाहिली, मग नाव.

एवढ्यात सायकलवरून ओव्हरसियर गावंडे आले. देवराव गावंडे म्हणजे तलावाचा कालवा, पाळ आणि पाळीवरच्या बाभळी यांचे सरकारी रखवालदार. देह मोठा आणि सायकल लहान. ते उतरले तेव्हा सायकलीनं सुस्कारा टाकला.

"मास्तर, कायले हात लावला?" ते म्हणाले. "ही नाव सरकारी हाय."

"साहेबानं उकंडाला दिली."

"लेखी?"

"हात ठेवून."

"हात फाइलीत लावता येत नाई, मास्तर. पयले सरकार होतं नागपुराले. आता चार महिने झाले, आपुन मुंबई राज्यात गेलो. ही नाव तिकडं राह्यली का इकडं आली, ते मले माहीत नाई, अन् तुमालेबी माहीत नाई. अर्ज करा. परवानगी येईस्तोर एक ठिपका मारू नका."

मी त्याच संध्याकाळी शाळेतल्या उत्तम कागदावर, माझ्या सुरेख अक्षरात अर्ज लिहिला. विषयाची ओळ मी मुद्दाम ठसठशीत काढली: "विषय : बोट रंगविण्याबाबत." गावात आम्ही नाव म्हणतो, डोंगी म्हणतो, पण सरकारी कागदावर जरा भारदस्त शब्द असावा म्हणून मी बोट लिहिलं. माझ्या भाषाप्रेमानं मला आजवर कधी इतकं छळलं नव्हतं.

परवानगी येईपर्यंत रंग तरी आणून ठेवावा म्हणून मी दारव्ह्याला देवीलालच्या दुकानी गेलो. निघण्याआधी गावानं सल्ले दिले. हेडमास्तर म्हणाले, भगवा मारा, लग्न आहे. शिंपी म्हणाला, हिरवा मारा, शकुनाचा असतो. कुणी लाल सुचवला, तर लगेच दुसरा म्हणाला की लाल मारला तर मास्तर कोणत्या पक्षाचे ते दिसेल. आणि सगळ्यांनी मनाशी धरलंच होतं की मी निळा मारणार. "मारा ना, मास्तर, तुमी निळाच मारसान," असं जो तो समजुतीच्या सुरात सांगायचा. मला निळा आवडतो. पण आवडतो म्हणून लोकांनी तो माझ्या हातात आधीच धरून ठेवावा, हे मला आवडलं नाही.

देवीलालनं हा प्रश्न एका वाक्यात सोडवला. "इलेक्शन आहे, मास्टरजी. भगवा गेला, निळा गेला, लाल गेला, हिरवा गेला. ज्याला त्याला भिंती रंगवायच्या आहेत."

"मग उरलंय काय?"

त्यानं फळीवरून दोन डबे काढले, फुंकर मारली. एक पोपटी, दुसरा राणी. हे दोन रंग आजपर्यंत कोणत्याही पक्षाला सुचलेले नव्हते.

घरी नलूनं डब्याच्या झाकणात पाहिलं आणि म्हणाली, "सरबतवाल्याची गाडी करता का?" पण हंसाबाई कुंपणापलीकडून पाहत होती. तिनं आपल्या ओढणीचा काठ पुढं केला. त्यावर आरशांच्या मधून राणी आणि पोपटी दोरा असा फिरला होता की नजर ठरू नये. "माहं पाय," ती म्हणाली, "हे दोन रंग शेजारी बसवले का भांडत नाईत. दुसरे भांडतेत." ड्रॉइंगच्या परीक्षेत रंगसंगतीवर मी चार पानं लिहिली होती. त्यात हे नव्हतं.

मी रेघेचीही अडचण तिच्यापुढं मांडली. खरं म्हणजे तिनंच ती ओढून काढली.

"तू पट्टीले कायले विचारतं?" ती म्हणाली. "पाण्याले विचार ना. पाणी कधी वाकडं उभं राह्यते का?"

तिचं म्हणणं असं की नाव पाण्यात सोडायची. तळं शांत असताना पाणी जिथं टेकेल तिथं खूण करायची आणि तिथून चार बोटं वर मोजत जायचं. मला तिचे पाय धरावेसे वाटले. पण मी इंटरमिजिएट पास असल्यानं नुसतं म्हणालो, "हं, तसंही करता येतं."

आम्ही नाव ढकलून पाण्यात सोडली. ती दोन मिनिटं तरंगली, आणि मग शांतपणे, कुणावर राग न धरता, खाली जाऊ लागली. चार वर्षांच्या उन्हानं फळ्या आकसल्या होत्या आणि प्रत्येक फटीतून पाणी आत येत होतं. तासाभरात फक्त काठ वर राहिला.

उकंडा निवांत होता. "पिऊ द्या तिले पाणी. दोन दिवस पिईन, फुगीन, मंग फटी बुजतीन. उरल्या त्या कापूस अन् डांबरानं भरू."

पण ही गोष्ट उकंडाला माहीत होती, गावाला नव्हती. दुसऱ्या दिवशी शाळेत जाईपर्यंत बातमी पसरली की मास्तरानं नाव बुडवली. हेडमास्तरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. शिंपी सुतकाला आल्यासारखा घरी येऊन बसला. पलीकडच्या गावातून नवरदेवाच्या मामानं निरोप पाठवला की खासराची व्यवस्था करायची का ते आत्ताच कळवा. नलू दारात उभी राहून एकेकाला सांगत होती, "बुडली नाई, पाणी पिऊन राह्यली," आणि ऐकणारे तिच्याकडं अशा दयेनं पाहत होते की शेवटी तिनं दार लावून घेतलं.

तिसऱ्या दिवशी नाव उपसली. ती तरंगली आणि तरंगतच राहिली. पहाटे तळ्यावर सुरकुती नव्हती. मी कमरेएवढ्या पाण्यात नावेभोवती फिरत निळीची खूण करत गेलो, आणि हंसाबाई काठावरून ओरडत होती, "चार बोटं! तुहे नाई, माहे! तुहे बोटं बारीक हायत!" आयुष्यात पहिल्यांदा मी अशी रेघ काढली की दोन्ही टोकं भेटली.

परवानगी अजून आली नव्हती. लग्नाला बारा दिवस होते. नाव काठावर ओढून वाळवली आणि पुढच्या रविवारी, एक ठिपकासुद्धा न मारण्याचं ठरवून, मी पोपटी रंगाचा पहिला हात दिला. राणीचाही दिला. काम सुरेख झालं होतं. मी मागं सरून, मान तिरपी करून पाहत होतो, तोच पाळीवरून कापसाच्या गाड्या निघाल्या. जिनात माल न्यायचे दिवस, तीसेक गाड्या एकामागे एक, आणि वारा बरोबर माझ्याकडं. गाड्या गेल्या तेव्हा ओल्या पट्ट्यांवर बोटभर कापूस चिकटला होता. नावेला पांढरी दाढी आली होती.

"म्हातारी झाली," उकंडा म्हणाला, आणि इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं.

मी दाढी करत बसलो. खरवडणीनं, काचकागदानं, शेवटी नखांनी. घरी आलो तेव्हा माझी दहाही बोटं मनगटापर्यंत राणी आणि पोपटी झाली होती. आणि दारात वरच्या कचेरीतून आलेला एक शिपाई बसला होता.

"डोमाजी मेश्राम?"

"मीच."

त्यानं कागद काढला आणि खड्या आवाजात वाचला. गल्लीतले सगळे ऐकायला आले. "आपला अर्ज, विषय : बोट रंगविण्याबाबत. सदर बाब मतदानाशी संबंधित असल्यानं निवडणुकीच्या शाखेकडं पाठविण्यात आली आहे. अर्जात बोट कोणत्या हाताचं, याचा उल्लेख नाही. मतदारानं मतदान केंद्राबाहेर, स्वतःच्या इच्छेनं बोट रंगविण्यास सक्त मनाई आहे. तरी अर्जदारानं बोट रंगविलं आहे किंवा कसं, याची समक्ष पाहणी व्हावी."

एवढं वाचून त्यानं माझ्या हातांकडं पाहिलं. गल्लीनंही पाहिलं. मी हात मागं घेतले, तो चुकीचा निर्णय होता.

"दाखवा," शिपाई म्हणाला.

मी दाखवले. त्यानं एक एक बोट मोजलं. "दहाच्या दहा?" त्याच्या आवाजात भीतीही होती आणि थोडा आदरही.

मी पंधरा वर्षं जिथल्या पोरांना शिस्त लावली, त्या गल्लीत, त्या पोरांच्या आयांसमोर, हात पुढं करून उभा होतो. शेवटी नलू पुढं आली. "अवो भाऊ, बोट म्हंजे हे नाई. बोट म्हंजे नाव. चाला दाखवतो."

सगळी वरात तलावावर गेली. शिपाई नावेभोवती एक चक्कर मारून आला, तिला हात लावून पाहिला (मग त्याचंही बोट राणी झालं), आणि उकिडवा बसून त्यानं कागदाच्या पाठीवर शेरा लिहिला. तो मी खांद्यावरून वाचला: "बोट समक्ष पाहिलं. ते लाकडी असून सोळा फूट लांब आहे." त्यावर वरच्या कचेरीत काय विचार झाला असेल, देव जाणे. पुन्हा कागद मात्र आला नाही. गावंडे ओव्हरसियर म्हणाले, नकार आला नाई म्हंजे होकार. त्यांना लग्नाचं बोलावणं आलं होतं आणि पलीकडून नावेत बसून यायचा मान उकंडानं त्यांना दिला होता.

दुसरा हात आम्ही पहाटे, गाड्या निघायच्या आत दिला. नलूनं सभोवती बांबू रोवून आपली दोन लुगडी आणि हंसाबाईचं एक जाजम बांधलं, म्हणजे कापूस नको, धूळ नको. आत आम्ही दोघं. ती रुंद पट्टा मारत होती, मी बारीक. तिचा हात माझ्यापेक्षा स्थिर होता, हे मी तिला सांगितलं नाही. घराच्या दारासाठी तिनं ते लक्षात ठेवलं असतं.

लग्नाच्या दिवशी तांबडं फुटायच्या आत उकंडानं रिकामी नाव पाण्यात घातली आणि शीड उभारलं. काय सांगू! पाण्यापासून चार बोटं वर पोपटी, त्यावर राणी, आणि खाली पाण्यात दोन्ही उलटे. ते दृश्य मी पाहिलं, उकंडानं पाहिलं आणि तीन म्हशींनी पाहिलं. मग तो पलीकडं गेला.

दहा वाजता अख्खा गाव पाळीवर होता. हेडमास्तर, शिंपी, बाबूसिंग, हंसाबाई, झाडून सगळे. मी धुतलेला सदरा घालून पुढं उभा राहिलो. लांबून शीड दिसलं. वाजंत्री ऐकू आली. नाव जवळ आली.

पट्टे नव्हते.

नावेत चौदा माणसं होती. नवरदेव, मामा, वाजंत्रीवाले, पाहुणे, आणि मध्यभागी गावंडे ओव्हरसियर. नाव इतकी खाली बसली होती की माझे दोन्ही पट्टे पाण्याखाली वीतभर अंधारात चालले होते. वर दिसत होती ती घासून पुसून काढलेली करडी फळी.

"मास्तर," बाबूसिंग हळूच म्हणाले, "पट्टे कुठं हायत?"

"महिनाभर काय रंगवत होते मंग?" मागून कुणीतरी.

 नलू माझ्या बाजूला येऊन उभी राहिली. नाव काठाला लागली. उकंडा वल्हं टेकून उभा होता आणि माझ्याकडं पाहून मिशीत हसत होता.

"उकंडा," मी दातओठ खात म्हणालो, "तुला माहीत होतं?"

"होतं ना. वजन बसल्यावर नाव खाली जातेच. पन तुमी एवढं मन लावून मोजून राह्यले होते, कायले सांगाचं?" मग तो पाहुण्यांकडं वळला. "चाला, उतरा एकेक."

आधी वाजंत्रीवाले उतरले. नाव बोटभर वर आली. दोन पाहुणे उतरले. मग ओव्हरसियर साहेब उठले. नाव एकीकडं कलली, ते धडपडत काठावर आले, आणि त्याच क्षणी ती फळी पाण्यातून वर उसळली. करड्या लाकडाखाली ओल्या राणी रंगाची एक कडा चमकली.

"अरे!" हंसाबाई ओरडली. "आला! राणी आला!"

मग जे झालं ते माझ्या नोकरीत कधी झालं नव्हतं. सगळी पाळ पाहुण्यांवर ओरडायला लागली. "उतरा ना बाप्पा! लवकर उतरा, पट्टे पाहू द्या!" मामाला एका हातानं ओढून उतरवलं. एकेक माणूस कमी होत गेला, एकेक बोट नाव वर येत गेली. राणी पुरा आला, मग पोपटी. शेवटी पागोटं बांधलेला नवरदेव एकटाच नावेत उभा राहिला आणि त्याच्याभोवती ते दोन पट्टे ओलेचिंब, उन्हात लखलखत, सगळीकडून फिरलेले. मामानंही पाहिलं. "लेकाची, नवरीच दिसते," तो म्हणाला, आणि उकंडानं ते ऐकलं.

नवरदेवाला हात देऊन उतरवायचं होतं. तो मान भावकीतल्या मोठ्याचा. भावकी पुढं सरकली, पण उकंडानं वल्हं आडवं धरलं.

"मास्तर," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "तुमी या. तुमीच उतरवा."

 पुढं सरकलेली भावकी जागच्या जागी थांबली. मी चपला काढल्या, पुढं झालो, फळीवर एक पाय ठेवला आणि हात पुढं केला. नखांत अजून राणी रंग होता. नवरदेवानं तो हात घट्ट धरला.

आणि माझ्या वजनानं नाव माझ्या बाजूनं चार बोटं खाली गेली.

"मास्तर!" अख्खा गाव एका आवाजात ओरडला. "मांगं सरा! पट्टा बुडला!"